विशेष शिक्षकाची पदवी

कर्णबधिर मुलांच्या शाळेत दिवसाची सुरुवात पुस्तक उघडून होत नाही. साडेचार-पाच वर्षांचा मुलगा बाईंकडे पाठ करून खुर्चीत बसलेला असतो, दोन्ही कानांत श्रवणयंत्रं, हातात एक रंगीत मणी. बाई मागे उभ्या राहतात आणि एकेक ध्वनी काढतात: 'म', 'ऊ', 'आ', 'ई', 'श', 'स'. मध्येच मुद्दाम थोडं थांबतात, म्हणजे मुलाला ठेका पकडून अंदाजानं उत्तर देता येऊ नये. आवाज ऐकू आला की मुलानं मणी वाटीत टाकायचा. 'आ' ला मणी पडतो, 'श' ला पडतो, 'स' ला हात जागच्या जागीच राहतो. बाई पुन्हा 'स' म्हणतात. हात हलत नाही. मग त्या यंत्राची बॅटरी तपासतात, कानात बसणाऱ्या मोल्डची नळी घामानं तुंबली आहे का ते बघतात.

डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली ही सहा ध्वनींची चाचणी. बोलण्यातला खर्जातला आवाज ते अगदी उंच पट्टीतला आवाज एवढा सगळा पल्ला हे सहा ध्वनी व्यापतात. 'म' ऐकू येत नसेल तर मोल्ड कानात सैल बसला असण्याची शक्यता, 'स' ऐकू येत नसेल तर उंच पट्टीतला आवाज मुलापर्यंत पोहोचत नाही. मराठीत याचा परिणाम फार खोलवर होतो. ज्या मुलाला 'स' ऐकू येत नाही, त्याच्यासाठी 'आला' आणि 'आलास', 'गेली' आणि 'गेलीस' हे एकच शब्द असतात. व्याकरण त्याला कळत नाही असा शेरा पुढे कोणीतरी मारतं. खरं तर ते व्याकरण त्याच्या कानावर कधी पडलेलंच नसतं.

ही दोन मिनिटांची तपासणी कशी करायची, तिचा अर्थ कसा लावायचा आणि त्यानुसार दिवसाचा पाठ कसा बदलायचा, हे साध्या बीएडला सविस्तर शिकवत नाहीत. ते शिकवणारी पदवी वेगळी आहे, तिला मान्यता देणारी परिषद वेगळी आहे आणि तिच्यामागचा कायदाही वेगळा आहे. शिक्षक व्हायचं ठरवलेल्या मुलामुलींना आणि कित्येक पालकांना हे उशिरा कळतं. कधी कधी फी भरून झाल्यावर कळतं.

भारतात सर्वसाधारण शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे निकष राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई ठरवते. विशेष शिक्षकाचे निकष ठरवते भारतीय पुनर्वास परिषद. सगळे जण तिला आरसीआय म्हणतात. १९८६ मध्ये ही परिषद एक नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली, १९९२ मध्ये संसदेनं तिच्यासाठी कायदा केला आणि जून १९९३ पासून तिला वैधानिक दर्जा आला. श्रवणतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, कृत्रिम अवयव बसवणारे तंत्रज्ञ अशा सोळा प्रकारच्या व्यावसायिकांत विशेष शिक्षकाचा समावेश होतो. परिषदेनं मान्य केलेली पात्रता मिळवायची आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नोंदवायचं, या दोन्ही गोष्टी झाल्या तरच विशेष शिक्षक म्हणून काम करता येतं. शिक्षक या नोंदणीला 'सीआरआर नंबर' म्हणतात. नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. साध्या शाळेतल्या शिक्षकाला अशी नोंदणी लागत नाही. डॉक्टर आणि वकिलांना लागते. विशेष शिक्षक या बाबतीत त्यांच्या रांगेत बसतो आणि ते योग्यच आहे, कारण चुकीच्या हातात पडलेल्या मुलाची वाया गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

एवढा कडक नियम करावा लागला, त्याला या क्षेत्राचा इतिहास कारण आहे. आपल्याकडे विशेष शाळा सरकारनं सुरू केल्या नाहीत. त्या आधी मिशनऱ्यांनी आणि मग पालकांनी उभ्या केल्या. दादरची अंध मुलींची शाळा १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी सुरू केली. ते दुष्काळाचे दिवस होते. १९४४ मध्ये मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्यानं आपल्या जय या मुलीसाठी शाळा काढली. जयला डाऊन सिंड्रोम होता आणि तिला घेईल अशी शाळा शहरात नव्हती. आज शिवडीला असलेली जय वकील संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या देशातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक आहे. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी आहे. अलूर यांनी इंग्लंडमध्ये विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं आणि १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मालिनी चिब पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवून आल्या.

या माणसांची तळमळ मोठी होती, पण तळमळीवर चालणाऱ्या शाळेत प्रत्येक बाई आपापल्या समजुतीप्रमाणे शिकवते. एकीची मुलं पुढे जातात, दुसरीची वर्षानुवर्षं मणी ओवत बसतात. कायदा आला तेव्हा राज्याराज्यांत अशा शाळांमध्ये अनुभवी पण प्रशिक्षण नसलेली बरीच माणसं काम करत होती. परिषदेनं त्यांना घरी बसवलं नाही. त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स काढले आणि त्यांना नोंदवहीत आणलं. हा निर्णय शहाणपणाचा होता.

आता प्रत्यक्ष पात्रतेकडे वळू.

पहिली वाट बारावीनंतरची. डीएड विशेष शिक्षण हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी बारावीला ५० टक्के गुण लागतात. शाखा कोणतीही चालते. या पदविकेवर पूर्वप्राथमिक आणि प्राथमिक स्तरावर काम करता येतं. दुसरी वाट पदवीनंतरची. बीएड विशेष शिक्षण, ज्याला सगळे 'स्पेशल बीएड' म्हणतात, त्याला पदवीला किमान ५० टक्के हवेत. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांग उमेदवारांना नियमाप्रमाणे सवलत असते. २०१५ पर्यंत हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता, तेव्हापासून तो दोन वर्षांचा, चार सत्रांचा आणि ८० श्रेयांकांचा झाला. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश साध्या बीएडच्याच सीईटीतून होतो. त्यापुढे एमएड विशेष शिक्षण आहे, तेही दोन वर्षांचं. ज्यांना पुढे विशेष बीएडच्या महाविद्यालयात शिकवायचं आहे, त्यांच्यासाठी ते आवश्यक ठरतं.

इथवर सगळं साध्या बीएडसारखं वाटतं. वेगळेपणा प्रवेश अर्जाच्या पुढच्या रकान्यात सुरू होतो, कारण तिथे उमेदवाराला अक्षमतेचं क्षेत्र निवडावं लागतं: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता. सगळी क्षेत्रं सगळ्या महाविद्यालयांत नसतात. परिषद मान्यता देते ती एका महाविद्यालयाला, एका क्षेत्रासाठी, ठरावीक वर्षांपुरती. एकदा निवडलेलं क्षेत्र पदवीवर आणि नोंदवहीत कायमचं लागतं. विशीतल्या मुलीनं अर्ज भरताना घाईत खूण केलेला तो रकाना पुढची तीस वर्षं तिच्या कामाची दिशा ठरवतो, म्हणून त्या खुणेआधी दोन-तीन वेगवेगळ्या विशेष शाळांत जाऊन बसणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी अभ्यास आहे.

क्षेत्र एवढं वेगळं का लागतं, हे दृष्टिदोषाच्या वर्गात लगेच कळतं. तिथल्या विद्यार्थी-शिक्षकाला आधी स्वतः ब्रेल शिकावं लागतं. ब्रेलच्या पाटीवर लोखंडी टोच्यानं लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहायचं, कारण कागद उलटला की मागच्या बाजूला उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचले जातात. एका चौकटीत सहा ठिपके. पहिला आणि तिसरा उठला की 'क'. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठीसकट बहुतेक भारतीय भाषा याच सहा ठिपक्यांत बसवल्या आहेत. पण डोळ्यांनी वाचणाऱ्याची सवय इथे मोडावी लागते. छापील 'कि' मध्ये वेलांटी 'क' च्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती 'क' च्या नंतर येते, जशी उच्चारात येते तशी. जोडाक्षरात तर हलंताचं चिन्ह आधी येतं आणि व्यंजन नंतर. डोळस विद्यार्थिनी पहिल्या महिन्यात ठिपके बोटांनी न वाचता डोळ्यांनी वाचते आणि तेवढं चालतंही. मुलाची चूक मात्र तिला त्याच्या बोटांच्या हालचालीवरून ओळखता यायला हवी: बोट ओळ सोडून खाली घसरतंय का, दोन चौकटींमध्ये अडखळतंय का, जोर जास्त पडून ठिपके चेपतायत का.

गणितासाठी टेलर फ्रेम असते. अष्टकोनी भोकांची एक पाटी आणि धातूचे छोटे चौकोनी खिळे. खिळ्याच्या एका टोकाला आडवी कड, दुसऱ्या टोकाला दोन बारीक टोचे. खिळा आठ दिशांना वळवून बसवता येतो, म्हणून एका टोकाची आठ आणि दुसऱ्याची आठ अशी सोळा चिन्हं मिळतात. त्यांत शून्य ते नऊ हे आकडे आणि बेरीज-वजाबाकीची चिन्हं बसतात. हातच्याची बेरीज या पाटीवर शिकवायची तर शिक्षकाला ती आधी स्वतः डोळे मिटून करता आली पाहिजे. याशिवाय पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणं, नकाशा स्पर्शानं वाचता यावा म्हणून दोऱ्यानं आणि वाळूकागदानं बनवणं, विज्ञानाच्या पुस्तकातली आकृती शब्दांत सांगणं हेही आलंच. दृष्टिदोषात स्पेशल बीएड केलेली व्यक्ती श्रवणदोषाच्या वर्गात उभी केली, तर यातलं जवळजवळ काहीच तिला तिथे वापरता येणार नाही.

बौद्धिक अक्षमतेच्या वर्गात काम आणखी निराळं. तिथे शिकवण्याचा विषय शर्टाचं बटण असू शकतो. बटण लावणं ही एक कृती दिसते, पण विशेष शिक्षक तिचे तुकडे करतो: शर्टाच्या दोन्ही कडा जुळवणं, डाव्या हातानं काज धरणं, उजव्या हाताच्या दोन बोटांत बटण पकडणं, ते काजात अर्धं ढकलणं, दुसऱ्या बाजूनं पकडून ओढणं. मग तो शेवटापासून सुरुवात करतो. सगळं शिक्षक करतो आणि फक्त शेवटचं ओढणं मुलाकडे ठेवतो. मुलानं ओढलं की बटण लागतं, काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. ते पक्कं झालं की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्याकडे, मग तीन. हाताला धरून करून घेणं, मग नुसतं कोपराला स्पर्श करणं, मग बोटानं दाखवणं, मग नुसतं सांगणं अशी मदत हळूहळू काढून घ्यायची असते. अशी मदत काढून घेणं ही या शिक्षणातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण माया करणारा माणूस मदत काढून घ्यायला धजत नाही आणि घाईत असलेला माणूस ती एकदम काढून टाकतो.

प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहावा लागतो. शिक्षक त्याला आयईपी म्हणतात. त्याआधी मूल आज कुठे आहे ते मोजायचं असतं. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेनं त्यासाठी भारतीय मुलांना धरून तपासणी सूच्या तयार केल्या आहेत. जेवण, कपडे, पैसे, वेळ, वाचन अशा विभागांत मूल काय स्वतः करतं आणि काय मदतीनं करतं, याची नोंद त्यांत होते. नवशिके विद्यार्थी-शिक्षक आराखड्यात 'मुलाला नाणी ओळखता येतील' असं लिहितात आणि मार्गदर्शक ते खोडतात. तिथे असं लिहावं लागतं: एक, पाच आणि दहा रुपयांची नाणी एकत्र ठेवल्यावर, मागितलं असता, मूल पाचपैकी चार वेळा दहाचं नाणं उचलून देईल. तीन महिन्यांनी ते मोजता येतं. मोजता आलं की आई-वडिलांना सांगता येतं आणि जमलं नसेल तर पद्धत बदलता येते.

अध्ययन अक्षमतेचं क्षेत्र मराठी घरांत पोहोचलं ते बरंचसं २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे. महाराष्ट्रात मात्र शालान्त परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्याची सुरुवात त्याच्या दशकभर आधी, १९९६ मध्ये झाली होती. या क्षेत्रातल्या विशेष शिक्षकाला एक मर्यादा नीट ठाऊक असावी लागते. मूल 'ब' आणि 'व' मध्ये गोंधळतं, ओळी गाळतं, तोंडी उत्तर अचूक देऊन लेखी कोरं ठेवतं, हे टिपणं आणि त्याच्यासाठी उपचारात्मक पाठ घेणं हे त्याचं काम. प्रमाणपत्र देणं हे त्याचं काम नाही. ते मुंबईतल्या सायनसारख्या अधिकृत रुग्णालयांतला डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांचा गट मिळून देतो.

या दोन वर्षांत वर्गातली व्याख्यानं असतातच: बालविकास, शिक्षणाचं मानसशास्त्र, कायदे, समावेशन, शालेय विषयांच्या अध्यापन पद्धती. पण अभ्यासक्रमाचा मोठा भाग प्रात्यक्षिकांचा आहे. विशेष शाळेत पाठ घ्यायचे, साध्या शाळेत जिथे विशेष गरजांची मुलं बसतात तिथेही पाठ घ्यायचे, आपल्या क्षेत्राबाहेरच्या अक्षमतेच्या शाळेत निरीक्षणाला जायचं, केस स्टडी लिहायची, शेवटी इंटर्नशिप. ज्या महाविद्यालयाला स्वतःची किंवा चालत जाण्याच्या अंतरावरची विशेष शाळा जोडलेली आहे, तिथून बाहेर पडणारा शिक्षक वेगळा असतो. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही १९८३ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे श्रवणतपासणी, श्रवणयंत्र बसवणं आणि शिक्षक प्रशिक्षण एकाच आवारात चालतं. विद्यार्थी-शिक्षकाला ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणतपासणीचा आलेख, पुस्तकात शिकून लगेच खऱ्या मुलाच्या हातात बघायला मिळतो. जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे, चेंबूरला हशू अडवाणी महाविद्यालय आहे आणि खारघरला सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. ही सगळी नावं मुंबई परिसरातली आहेत, हीच या व्यवस्थेतली मोठी उणीव. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलीला स्पेशल बीएड करायचं तर घर सोडावं लागतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं दूरशिक्षणातून हा अभ्यासक्रम चालवला, म्हणून त्याचं मोल फार मोठं आहे.

दिव्यांग व्यक्तीला हे शिक्षक होता येतं का? अवश्य येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सतरावं कलम सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, नेमायला सरकारला सांगतं. ब्रेलवर लहानपणापासून हात बसलेला अंध शिक्षक त्या वर्गात जे देऊ शकतो, ते डोळस शिक्षकाला वर्षांच्या सरावानंतरही जमेलच असं नाही. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. तिथे कर्णबधिर उमेदवारांना सांकेतिक भाषा शिकवण्याची स्वतंत्र पदविका मिळते. कर्णबधिर मुलानं कर्णबधिर प्रौढाला वर्गात फळ्यासमोर उभं बघणं, ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही, पण त्या मुलाच्या आयुष्यात ती फार मोठी असते.

आता या पदवीतला खरा पेच. १९९५ च्या दिव्यांग कायद्यात सात अक्षमता होत्या, २०१६ च्या कायद्यानं त्या २१ केल्या. शिक्षण हक्क कायद्यानं आणि त्यानंतरच्या धोरणांनी दिशा धरली ती समावेशित शिक्षणाची: मूल घराजवळच्या साध्या शाळेत, इतर मुलांसोबत शिकावं. ही दिशा बरोबर आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये फिरणाऱ्या विशेष शिक्षकाकडे पदवी एका क्षेत्राची असते. श्रवणदोषात प्रशिक्षित झालेली शिक्षिका सोमवारी एका शाळेत जाते तिथे मूल सेरेब्रल पाल्सीचं, मंगळवारच्या शाळेत स्वमग्न मूल, बुधवारी अल्पदृष्टीचं. २०१५ च्या अभ्यासक्रमात परिषदेनं सर्व अक्षमतांची ओळख करून देणारे विषय वाढवले ते याच कारणानं. तेवढ्यानं भागतं का? ओळख होते, हातोटी येत नाही. त्यावरचा इलाज क्षेत्र काढून टाकणं हा मात्र नाही. सगळ्यांचं थोडं थोडं येणारा शिक्षक ब्रेल वाचणार नाही आणि सहा ध्वनींची चाचणीही करणार नाही. एका तालुक्यात वेगवेगळ्या क्षेत्रांचे तीन-चार शिक्षक असावेत आणि त्यांनी मुलांनुसार आलटून पालटून जावं, ही रचना अधिक बरी. पण तेवढी माणसं नेमली गेली तरच ती जमेल.

नेमणुकीचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑक्टोबर २०२१ रोजी निकाल दिला. प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि त्यावरच्या स्तरावर दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण त्यात ठरलं. २०२२ मध्ये केंद्रानं ते अधिसूचितही केलं. तरी राज्यांनी पदं निर्माण केली नाहीत, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. महाराष्ट्रात समग्र शिक्षा अभियानाखालचे विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले. २०२४ मध्ये राज्यानं शाळांच्या प्रत्येक समूह-केंद्रासाठी एक याप्रमाणे ४८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. त्यांच्यासमोरचं काम किती मोठं आहे, ते दोन आकड्यांवरून कळतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६० हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीनं युनेस्कोनं २०१९ मध्ये काढलेल्या भारतविषयक अहवालानुसार पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन-चतुर्थांश मुलं कुठल्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती.

दोन खात्यांमधली भिंत हाही एक अडथळा आहे. पदवीला मान्यता देणारी परिषद केंद्रात सामाजिक न्याय मंत्रालयाखाली येते, साध्या शाळेतली नोकरी शिक्षण खात्याकडे. राज्यातही विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, जो डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला, आणि साध्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. म्हणून स्पेशल बीएड किंवा स्पेशल डीएड केलेल्या व्यक्तीला साध्या प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून नेमलं, तर एनसीटीईच्या २०१० च्या अधिसूचनेप्रमाणे तिला नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा विशेष कार्यक्रम पूर्ण करावा लागतो. शिक्षक पात्रता परीक्षाही आहेच. साध्या शिक्षकाला विशेष मुलांबद्दल असं सक्तीचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण कोणी सांगत नाही, ही असमानता खटकते. वर्गात दिवसभर मूल असतं ते त्याच साध्या शिक्षकाकडे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०३० पर्यंत शिक्षकासाठी बारावीनंतरची चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता करायचं ठरवलं आहे. विशेष शिक्षणालाही ती दिशा लागू होते. चार वर्षं मिळाली तर दुसऱ्या एखाद्या क्षेत्राचं पुरेसं प्रशिक्षण त्यांत बसवता येईल आणि वर दिलेला पेच थोडा सुटेल. ती वर्षं नुसत्या सिद्धान्तांनी भरली तर ती वायाच जातील. या बदलाच्या काळात अभ्यासक्रमांची नावं, कालावधी आणि प्रवेश चालू आहेत की नाहीत याबद्दलची परिपत्रकं वरचेवर निघतात. गावात कोणीतरी सांगितलेली दोन वर्षांपूर्वीची माहिती आज लागू असेलच असं नाही.

पदवी हातात आली तरी काम संपत नाही. निकालानंतर केंद्रीय नोंदवहीसाठी स्वतः अर्ज करावा लागतो. महाविद्यालय तो आपोआप करत नाही. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी परिषदेनं मान्य केलेल्या कार्यशाळांना हजर राहून गुण जमवायचे. हा त्रास नाही. पाच वर्षांत श्रवणयंत्रं बदलतात, मोबाइलवरची वाचक ॲप बदलतात, स्वमग्नतेबद्दलची समजही बदलते. ज्या शिक्षकाची माहिती पदवीच्या वर्षात थांबली, त्याच्या वर्गातलं मूलही तिथेच थांबतं.

म्हणून या वाटेवर येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकानं फी भरण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात: महाविद्यालयाचं नाव मान्यताप्राप्त यादीत आहे का, ती मान्यता आपण निवडत असलेल्या अक्षमतेच्या क्षेत्रासाठीच आहे का, आणि आपला प्रवेश ज्या वर्षी होणार त्या वर्षासाठी ती लागू आहे का. यांतली एक जरी गोष्ट कमी पडली, तरी गुणपत्रिका मिळेल, पण सीआरआर नंबर मिळणार नाही. पालकांनीही मुलासाठी शिक्षक निवडताना तो नंबर आणि त्यावर लिहिलेलं क्षेत्र निःसंकोचपणे विचारावं. चांगला विशेष शिक्षक तो आनंदानं दाखवतो.